आतून कुणीतरी सांगावं लागतं

थंडीचे कपडे पाठवायचा दिवस, आणि वानश्या नेमका खडू आणायला विसरली होती.

बाकी तयारी झाली होती. गिरणीतून सुटल्यावर तिने कागदी कपड्यांचा जोड घेतला होता. निळा अंगरखा, जांभळी विजार, आत बोटभर कापूस घालून खळीने चिकटवलेली. पाकिटावर सासूबाईंचं नाव सासऱ्यांनी सकाळीच लिहून ठेवलं होतं, अक्षर थरथरतं पण ओळ सरळ. नवरा लीमिन दुपारपाळीला गेला होता. म्हणजे चौकात जायचं ते सुनेनंच. दहाव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला तिआनजिनमधलं प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांना हिवाळ्याची कापडं धाडतं. दिवस मावळताना चौकात जायचं, रस्त्यावर खडूनं रिंगण काढायचं, अस्थी जिकडे ठेवल्या असतील तिकडे रिंगणाला तोंड ठेवायचं आणि आत कपडे जाळायचे. तोंड चुकलं तर कपडे भलत्याच्याच अंगावर जातात. सासूबाईंच्या अस्थी शहराच्या उत्तरेला, म्हणून तोंड उत्तरेला. एवढं साधं काम.

ती जिन्यात आली. जिना संगमरवरी होता, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर कोबी रचलेला होता. हा बंगला कधीकाळी एका परदेशी कुटुंबासाठी बांधला गेला. आता त्यात सहा बिऱ्हाडं होती. साहेबाच्या दिवाणखान्यात दोन कुटुंबं, जेवणघरात एक, आणि न्हाणीघरात एक अविवाहित मास्तर, जो आपली खोली घरातली सर्वांत स्वच्छ आहे असं सांगायचा. शेकोटीच्या कोरीव कमानीखाली दगडी कोळशाच्या वड्या. दारावरच्या पितळी पाटीवर परक्या लिपीतली दोन अक्षरं अजून वाचता येतील इतपत उरली होती, फक्त वाचणारं कुणी नव्हतं.

"ताई, खडू आहे का?" तिने समोरच्या दारात विचारलं.

मंगताई साठीच्या. पण तिआनजिनमध्ये बाई सोळाची असो की ऐंशीची, ती ताईच. भाजीवाली ताई, बसची कंडक्टर ताई, शेजारणीची आजीसुद्धा ताई. लग्न होऊन आली तेव्हा वानश्याला याची मोठी गंमत वाटली होती. एकच माणूस कुणाला ताई म्हणत नसे, आणि तो तिचा सासरा. ते म्हणायचे "अहो", "बाई", "बाईसाहेब". मंगताई त्यावरून त्यांना चिडवायच्या, "ताओदादा, मी काय तुमच्या साहेबाची मेमसाहेब आहे का?" सासरे हसायचे आणि विषय बदलायचे.

"खडू आहे की," मंगताई म्हणाल्या. "पण परत आणून दे. मागल्या वर्षी खालच्या सुनेनं नेला, तो बहुतेक तिनं सासऱ्याच्या कपड्यांबरोबरच पाठवून दिला."

"ताई, आपल्या चौकातून उत्तर कुठं येते?"

"मला विचारतेस? अगं, जन्म गेला माझा इथं. मला डावं विचार, उजवं विचार. उत्तर-दक्षिण मला काय कळतंय?"

खरंच होतं ते. कधीकाळी नऊ परक्या देशांच्या लोकांनी नदीकाठ आपापसांत वाटून घेतला, आणि ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचे रस्ते नदी वळेल तसे आखले. एकही धड सरळ नाही. जिंगहायकडच्या खेड्यात, वानश्याच्या माहेरी, अंधारातसुद्धा माणसं "उशी जरा पश्चिमेला सरकव" म्हणायची. दिशा न कळणं म्हणजे तिच्या गावात नाक पुसता न येण्यासारखं. म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर खेडवळ दिसली असती, असंही तिला वाटलं. खेडवळ दिसण्याची तिला अलीकडे फार धास्ती होती.

त्याला कारण होतं. दहा दिवसांपूर्वीच ते घडलं होतं, आणि त्या दिवसापासून तिला घास गिळताना मध्येच आठवायचं.

तिची मोठी बहीण चाओश्या आली होती. न कळवता, दोन बस बदलून, खांद्यावर रताळ्यांचं पोतं, पायात चिखलाचे बूट. आई गेल्यावर वानश्याला वाढवलं ते तिनेच. ती खालच्या दारातूनच गावाकडच्या मोठ्या आवाजात हाका मारत आली. सगळ्या बिऱ्हाडांची दारं उघडली. मंगताईंनी कढईवरून मान वर करून विचारलं, "कोण गं ही?"

आणि वानश्या म्हणाली, "गावाकडचं कुणीतरी आहे."

असं म्हणायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. तोंडातून गेलं. बहीण तिसऱ्या पायरीवर उभी होती, तिला ऐकू गेलं. ती हसली. म्हणाली, "हो हो, गावातलीच. एवढं द्यायचं होतं. निघते, नाहीतर बस चुकेल." पोतं खाली ठेवलं आणि गेली. वानश्याला फक्त तिला थांबवायचं होतं. चार पायऱ्या उतरायच्या होत्या. तिनं पोतं उचललं आणि आत नेलं. लीमिनलाही तिनं काही सांगितलं नव्हतं.

पत्र लिहायला ती रोज बसायची. "ताई" एवढा शब्द लिहून व्हायचा.

*

चौकात धुकं उतरलं होतं. साडेपाचच वाजले होते, पण कोळशाच्या धुराने दिवे पिवळट, आंधळे झाले होते. ठिकठिकाणी रस्त्यावर लहान लहान आगी, त्यांच्याभोवती वाकलेली माणसं, जळक्या कागदाचा आणि कापसाचा वास. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सायकली आगींना वळसा घालून जात होत्या.

वानश्याने मनाशी हिशेब केला. सूर्य गच्चीमागे मावळला, म्हणजे ती पश्चिम. म्हणजे ही उत्तर. तिने ठामपणे रिंगण काढलं आणि त्याचं तोंड गल्लीच्या टोकाकडे ठेवलं, जिथे डांबरातून दोन लोखंडी खुंट वर आले होते. सायकलवाले त्यांना शिव्या देत. तिथे पूर्वी फाटक होतं म्हणे, परक्यांच्या वस्तीचं.

ठिणगी पडली, जांभळी विजार पेटली. सासूबाईंचं नाव काळं होऊन वळलं. रिवाजाप्रमाणे तिने दोन कोरे कागद रिंगणाबाहेर जाळले, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी.

धूर सरळ वर गेला नाही. तो जमिनीलगत, खुंटांकडे सरकत गेला. जणू कुणी दोरी धरून ओढत होतं.

तेव्हा तिला वास आला. जळक्या कागदाचा नव्हे. नदीच्या गाळाचा, करपलेल्या कापडाचा आणि घामाचा. भर उन्हाळ्यातल्या गर्दीला येतो तसला.

"ताई, इथून आत जाता येतं का हो?"

खुंटांच्या पलीकडे एक बाई उभी होती. तिशीची असेल. अंगात उन्हाळ्यातला पातळ सुती सदरा, एक बाही खांद्यापर्यंत जळलेली. कपाळावरून घाम ओघळत होता. ती तो मनगटाने पुसत होती. वानश्याच्या तोंडातून मात्र श्वासाची वाफ निघत होती.

"रस्ता मोकळाच आहे की," वानश्या म्हणाली. "या ना."

बाईने एक पाऊल उचललं आणि तसंच मागे ठेवलं. "असं नाही येता येत. आतून कुणीतरी सांगावं लागतं. ही आमची आहे म्हणून." तिने आगीकडे पाहिलं. "कापसाचे कपडे का जाळताय? एवढ्या उकाड्यात..."

वानश्याला पळावंसं वाटलं, पण गावाकडची शिकवण अशी की रिंगण पेटलेलं असताना उठून जायचं नाही.

"नुसतं एकदा म्हणा," बाई अगदी हळू म्हणाली. "मी काही मागणार नाही. भिंतीशी बसेन. ओळखीची आहे, एवढंच..."

"वानश्या! कुणाशी बोलतेयस गं?" चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून मंगताईंचा आवाज आला. त्या स्वतःच्या रिंगणापाशी ओणव्या झाल्या होत्या.

आणि वानश्याच्या तोंडून पुन्हा तेच गेलं. "कुणी नाही. गावाकडचं कुणीतरी आहे."

बाई रागावली नाही. तिने मान हलवली, ओळखीच्या गोष्टीला हलवावी तशी. घाम पुसला.

"गाव कोणतं तुमचं?"

"जिंगहायकडचं," वानश्या पुटपुटली. "खाऱ्या तळ्याच्या दक्षिणेला."

"तिकडे आतून सांगणारं कुणी आहे?"

वानश्याने का उत्तर दिलं, हे तिला नंतरही कधी कळलं नाही. "माझी ताई आहे."

दहा दिवसांत पहिल्यांदाच तिने ते मोठ्याने म्हटलं होतं. आणि म्हटलं कुणाला, तर हिला.

बाईने "बरं" म्हटलं, आणि ती धुक्यात वळली. चालण्याचा आवाज आला नाही. रिंगणातली आग एकदम विझली, आणि वास मात्र मागे राहिला.

मंगताई खडू परत घ्यायला आल्या. रिंगण पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, तोंड तिकडे ठेवलंस? मला उत्तर कळत नसली, तरी ती उत्तर नव्हे एवढं कळतं. अगं, तिकडे फाटक होतं! तुझी सासू आता थंडीत कुडकुडत मला शिव्या देईल, मी शिकवलं नाही म्हणून."

*

सासरे खिडकीशी खुर्चीत बसले होते. ते नेहमी तिथेच बसायचे, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. घरात शिरतानाही ते उंबऱ्यापाशी क्षणभर थांबायचे, कुणी विचारील म्हणून थांबावं तसे. मुक्तीआधी, म्हणजे कम्युनिस्टांचं राज्य येण्याआधी, ते या वस्तीच्या फाटकावर शिपाई होते, एवढं वानश्याला माहीत होतं. काळा पोशाख, चकचकीत बटणं. ज्या गल्लीच्या बाहेर उभं राहून पहारा दिला, तिथल्याच बंगल्यात पुढे सरकारने त्यांना खोली दिली. ही गोष्ट ते कधी अभिमानाने सांगत नसत. कधी सांगतच नसत.

"पोचले का कपडे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, रिंगणाचं तोंड चुकलं माझं." तिला खोटं बोलवेना. "फाटकाकडे झालं. आणि तिथे..."

तिने सांगितलं. जळकी बाही, घाम, उकाडा. ती बाई आत यायला विचारत होती, आणि म्हणाली, आतून कुणीतरी सांगावं लागतं.

सासऱ्यांनी हात गुडघ्यांवरून उचलले आणि पुन्हा ठेवले. मग आवाज आला तो एखाद्या तरुण माणसाचा यावा तसा, घाईचा.

"सदतीस सालच्या उन्हाळ्यात जपान्यांनी शहरावर बॉम्ब टाकले. मी एकवीस वर्षांचा. दोन दिवस सगळं शहर इकडे धावत होतं. इथे बॉम्ब पडणार नव्हते ना, परक्यांची वस्ती. फाटक लावून घेतलं. हुकूम होता, आतल्या कुणी ओळख दिली तरच सोडायचं. दोघा शिपायांनी आदल्या दिवशी नातेवाईक आत घेतले, तर संध्याकाळी त्यांची टोपी काढून घेतली. साहेबाला कळलं की शिपायाचे नातेवाईक फार वाढतायत."

"बाबा, पाणी देऊ?"

"नको. दुपारी गर्दीतून ती पुढे आली. माझी मोठी बहीण. उत्तरेच्या वेशीजवळ राहायची, दुसरं कुणी नव्हतं तिला. बाही जळलेली. गजांतून हात घालून ओरडली, 'लहान्या! अरे लहान्या!' घरी मला तसंच म्हणायचे. साहेब माझ्या मागेच उभा होता. त्यानं विचारलं, तुझी कोण?"

खालच्या स्वयंपाकघरात कुणीतरी कढईत लसूण टाकला.

"मी म्हणालो, ओळखत नाही."

वानश्या जमिनीकडे बघत राहिली.

"ती रडली असती तर बरं झालं असतं," सासरे म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर... तिनं हात गजांतून काढून घेतला. आणि म्हणाली, 'माझीच चूक झाली, साहेब. दुसराच कुणी वाटला.' मला साहेब म्हणाली. मला वाचवायला. भिंतीच्या कडेला जाऊन उभी राहिली, दिवसभर. त्या उन्हात. मी दुसऱ्याच दिवशी पाळी बदलून दुसऱ्या फाटकावर गेलो. तीन दिवसांनी परत आलो तेव्हा भिंतीशी कुणी नव्हतं. मी विचारलंही नाही कुणाला. विचारलं असतं तर कळलं असतं की ती माझी कोण."

म्हणून या शहरात राहूनही या माणसाच्या तोंडून कधी ताई आलं नव्हतं. चौपन्न वर्षं.

"बाबा," वानश्या हळूच म्हणाली, "चला ना. खाली चौकच आहे. मी हात धरते. तुम्ही एकदा म्हणा, ही माझी आहे. ती नसली तरी म्हणा."

ते उठले. तिला वाटलं नव्हतं, पण उठले. टोपी घातली, कोटाची बटणं वरपर्यंत लावली. कोबीच्या कडेकडेनं ते जिना उतरले. खालच्या दारापाशी न्हाणीघरातले मास्तर हातात कागद घेऊन निघाले होते. त्यांनी वाट दिली आणि चौकशी केली, "काय ताओदादा, एवढ्या थंडीत? कुणाकडे निघालात?"

सासरे उंबऱ्यावर उभे राहिले. ओठ हलले.

"कुणाकडे नाही," ते म्हणाले. "हवा बघतोय."

मास्तर गेले. बाहेर धुक्यात चौकातल्या शेवटच्या आगी विझत होत्या.

"उद्या," सासरे म्हणाले. "उद्या सांगू." आणि वळून, रेलिंगला धरून, एकेक पायरी वर चढू लागले. वानश्याला त्यांची चीड यायला हवी होती. आली नाही. त्यांच्या मागून चढताना तिला फक्त आपल्या बहिणीचे चिखलाचे बूट दिसत होते.

*

सकाळी सहाला ती तयार झाली. लीमिन गाढ झोपला होता. त्याच्या उशाशी तिने चिठ्ठी ठेवली, ताईकडे जाते, संध्याकाळी येते. सासरे खिडकीशी खुर्चीत बसलेले होते. पाठ ताठ, टोपी अजून डोक्यावर, कोटाची बटणं वरपर्यंत.

"बाबा, जाऊन येते."

ते बोलले नाहीत. कालच्या गोष्टीने अजून बोलवत नसेल, असं तिला वाटलं. तिने दार हळूच ओढलं. मंगताई नळावर होत्या.

"सकाळी सकाळी कुठं, सूनबाई?"

"माहेरी. ताई, त्या दिवशी रताळी घेऊन कुणी आलं होतं ना, ती माझी सख्खी बहीण. मोठी. तिनंच वाढवलं मला."

मंगताईंनी बादली खाली ठेवली. "अगं, ते मला तेव्हाच कळलं. नाक बघितलंस का तुम्हा दोघींचं?" त्या हसल्या नाहीत. "मी वाट बघत होते, कधी सांगशील."

बसमध्ये ती ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिली. ताई, माझं चुकलं. एवढंच. पुढचं ताईच सांभाळेल, नेहमी सांभाळायची. खिडकीबाहेर पांढरी खारी शेतं गेली, पाणथळ गेलं. उन्हं वर आली तेव्हा ती गावात पोचली.

चाओश्या अंगणात कोबी रचत होती. वानश्याला फाटकातून आत येताना पाहून तिच्या हातातला गड्डा हातातच राहिला.

"तू बाहेर कधी गेलीस?"

"म्हणजे?"

"आत्ता तर तुझं पांघरूण सारखं करून आले मी." चाओश्या हसली, पण डोळे गोंधळलेले होते. "आणि हा कोट कुठून आणलास? रात्री तर अंगात नुसती पातळ कापडं होती."

वानश्या खोलीत गेली. झोपायचा विटांचा ओटा अजून गरम होता. रात्रभर खालून विस्तव होता. त्यावर दोन अंथरुणं शेजारी शेजारी. एक नीट घडी केलेलं. दुसरं विस्कटलेलं, नुकतंच उठून गेल्यासारखं. तिने त्यावर हात ठेवला. चादर ओली होती, पिळली तर थेंब पडावेत इतकी. आणि वास होता, नदीच्या गाळाचा.

"ताई... रात्री कोण आलं होतं?"

"आता नाटकं करू नकोस." चाओश्या तिच्यामागे येऊन उभी राहिली होती. "वीज नव्हती, दिव्यात तेल नव्हतं. दारात येऊन म्हणालीस, ताई, आत घेशील का? आवाज बसलेला. मी म्हटलं, विचारतेस काय वेडे, तू माझीच आहेस, ये आत. मला ताई म्हणणारं दुसरं आहे कोण या जगात? एवढ्या थंडीत घामानं निथळत होतीस. तापच असणार. हात धरून झोपलीस माझा."

"काय म्हणाले मी?"

चाओश्याने तोंड फिरवलं. तिने डोक्याच्या रुमालाचा काठ डोळ्यांना लावला. "आता पुन्हा नको. म्हणालीस, दारात ओळख न देणाऱ्यावर राग धरू नकोस, त्याचंच जास्त जळतं. मी म्हटलं, नाही धरत. झालं गेलं. माझ्या मनात काही नव्हतंच. तेवढ्यासाठी इतक्या लांब आलीस..."

वानश्याच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच थांबलं. ते आता कुणीतरी तिच्याआधी म्हणून गेलं होतं. क्षमाही मागून झाली होती, मिळूनही झाली होती. ती मी नव्हते, असं सांगायला हवं होतं. पण ताईचा चेहरा इतका हलका झाला होता की तिला तो पुन्हा जड करवेना. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

"हं," ती म्हणाली. आणि तिच्या कानशिलांना आग लागली.

चाओश्याने चुलीवर पाणी चढवलं. मग आठवल्यासारखं करून बाहेर पाहिलं. "पण तो बिचारा कोण गं? काय माणूस!"

"कोण?"

"तुझ्याबरोबर आलेला शिपाई. कोवळा पोरगाच आहे. काळा पोशाख, टोपी. बहुतेक तुमच्या शहरात आता असे घालत असतील. पहाटे अंगणाच्या भिंतीबाहेर उभा दिसला. मी म्हटलं, अरे आत ये, गरम पाणी तरी घे. तर म्हणाला, पहाऱ्यावर आहे, आत यायची परवानगी नाही. कुणी सांगितल्याशिवाय येता येत नाही." तिने वाटीत उकळतं पाणी ओतलं. "मला काही तो माहीत नाही, मी कशी सांगणार? तुझ्या ओळखीचा आहे का?"

वानश्या दारात आली. अंगणाचं फाटक उघडं होतं, तिनेच उघडं टाकलं होतं. बाहेर उन्हात पांढरी वाट, तिच्यावर कुणी नव्हतं. फाटकाच्या बरोबर मध्यभागी शेजाऱ्यांचं म्हातारं कुत्रं आडवं पसरलं होतं आणि रिकाम्या वाटेकडे मान वर करून बघत होतं.

तिला खिडकीशी बसलेली ती ताठ पाठ आठवली. सकाळी हाक मारल्यावर न हललेली.

शेजारीण भिंतीवरून डोकावत होती. चाओश्या वाटी घेऊन मागे उभी होती. दोघींना ऐकू जाईल, याची वानश्याला कल्पना होती. तिचा आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. मग फुटला तो गावाकडचा, मोठा.

"आमचे आहेत ते. माझे सासरे. बाबा, या, आत या..."

वाट तशीच रिकामी होती. कुत्रं उठलं, शेपूट पोटाशी घेतलं, आणि फाटकातून बाजूला सरून त्याने वाट दिली.